रोझ बर्ड, शेजारच्या आजी आणि माझ्या बॅलटवरच्या कोऱ्या जागा

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये माझं अमेरिकेतलं पहिलं बॅलट घरी आलं. सिटिझनशिपची शपथ त्याच वर्षी घेतलेली, त्यामुळे उत्साह दांडगा. इथे कॅलिफोर्नियात बॅलट पोस्टानेच येतं, म्हणजे शाळेतला वर्ग नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही, चहाचा कप घेऊन डायनिंग टेबलावर बसायचं आणि पेनाने रकाने रंगवत जायचं. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. गव्हर्नर झाला, सिनेटर झाला, मग प्रपोझिशन्स, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेले कायदे, सुरू झाली, जुगाराचे दोन वेगवेगळे प्रश्न, आणि डायलिसिस सेंटरमध्ये डॉक्टर हजर पाहिजे का नको हेसुद्धा मलाच विचारलेलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हो, मला डायलिसिसचं काय कळतं! पण ते कसंबसं वाचून भरलं, आणि मग एका रकान्यावर अडकले ती अडकलेच.

कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाच्या चार जजेसची नावं, आणि प्रत्येकापुढे यस किंवा नो. समोर उमेदवार कोणी नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही. या माणसाला जज म्हणून ठेवायचं का, एवढाच प्रश्न.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला सगळ्यांना यस टाक आणि जेवायला वाढ. (वाढणार नव्हतेच, त्या दिवशी स्वयंपाक त्याचा होता.) मला ते पटेना. ज्यांचं एकही जजमेंट वाचलेलं नाही त्यांना यस तरी कशाच्या जोरावर म्हणायचं? शेवटी चारही रकाने कोरे ठेवले आणि पाकीट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना शेजारच्या आजी भेटल्या. या गोऱ्या आजी ऐंशीच्या घरातल्या, १९७१ पासून सनीव्हेलमधल्या त्याच घरात राहतात, आमच्या गल्लीचं चालतंबोलतं गॅझेट. त्यांना सांगितलं की जजेसचं मी कोरंच सोडलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मीही दर वेळी तेच करते, फक्त एकदा केलं नव्हतं, शहाऐंशी साली, तेव्हा त्या रोझ बर्डला नो टाकायला मुद्दाम गेले होते, ताप असताना.

रोझ बर्ड कोण हे मला ठाऊक नव्हतं. ताप असताना जाऊन जिला पाडावं अशी जज असते कशी, हे कुतूहल डोक्यात बसलं आणि पुढचे कित्येक वीकएंड त्यात गेले. हे पोस्ट म्हणजे त्या वीकएंड्सचा हिशोब समजा.

आधी थोडं कोर्टांबद्दल, कारण भारतातल्या वाचकांचा इथे हमखास घोळ होतो, माझाही झाला होता. आपल्याकडे सुप्रीम कोर्ट एकच, दिल्लीत. इथे वॉशिंग्टनमधलं एक आहेच, पण शिवाय प्रत्येक राज्याचं स्वतःचं सगळ्यात वरचं कोर्ट असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यालाही सुप्रीम कोर्टच म्हणतात. (न्यूयॉर्कवाल्यांनी तर गंमत केलीय, त्यांच्याकडे खालच्या कोर्टाला सुप्रीम कोर्ट म्हणतात आणि सगळ्यात वरच्याला कोर्ट ऑफ अपील्स. का ते विचारू नका.) आपल्या हायकोर्टासारखं म्हणावं तर तेही पुरतं बसत नाही, कारण राज्याला स्वतःची राज्यघटना असते आणि तिचा अर्थ काय यावर शेवटचा शब्द या राज्याच्या कोर्टाचा. खून, दरोडा, घटस्फोट, जमीन, प्रॉपर्टी टॅक्स, म्हणजे सामान्य माणसाच्या आयुष्यात येणारं जवळजवळ सगळं इथेच संपतं.

वॉशिंग्टनवाले जज एकदा बसले की मरेपर्यंत किंवा स्वतःहून उठेपर्यंत. राज्यांच्या जजेसचं मात्र राज्यागणिक वेगळं. टेक्सासमध्ये ते चक्क पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात. कॅलिफोर्नियात १९३४ पासून मधला मार्ग आहे: गव्हर्नर नाव सुचवतो, तीन जणांचं एक कमिशन त्यावर शिक्का मारतं, आणि पुढच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत लोकांना विचारतात, ठेवू का? मुदत बारा वर्षांची. एकूण जज सात. आपल्याकडे हायकोर्टाच्या जजला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि इथे आमच्या आजींनी तापात जाऊन एक रेघ मारली.

आता रोझ बर्ड. जन्म १९३६ चा, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळचा. वडील लवकर गेले, तीन मुलं आईवर. आई पुढे मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या बाजूला गेली आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला लागली. मुलगी हुशार, स्कॉलरशिपवर शिकली, मग बर्कलेला लॉ केलं, १९६५ मध्ये डिग्री. त्या काळात लॉच्या वर्गात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नेवाडाच्या सुप्रीम कोर्टात लॉ क्लार्क, म्हणजे जजची कायद्यातली मदतनीस, म्हणून लागली ती तिथली पहिली बाई. तिथून आली सॅन होजेला, आमच्याच सांता क्लारा काउंटीत, पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात, म्हणजे ज्या आरोपीकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याच्या बाजूने सरकारी पगारावर लढायचं. तिथेही पहिली बाई. सोबत स्टॅनफर्डला शिकवायची.

जेरी ब्राउन हा तिचा बर्कलेपासूनचा ओळखीचा. १९७४ ला तो गव्हर्नरला उभा राहिला तेव्हा तिने प्रचारात काम केलं, आणि निवडून आल्यावर त्याने तिला थेट कॅबिनेटमध्ये घेतलं, शेती आणि सेवा खात्याची सेक्रेटरी. कॅलिफोर्नियाच्या कॅबिनेटमधली पहिली बाई. शेतीशी संबंध शून्य. शेतीवाल्या बड्या कंपन्यांचा संताप झाला तो इथपासून.

आणि इथे मी वाचताना थांबले, कारण खुरपं आलं.

माझी आजी, खरी आजी, तासगावकडची. आमचा द्राक्षांचा भाग असला तरी आमच्या घरात बाग नव्हती, आजी दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची. ज्यांना भांगलण माहीत नाही त्यांच्यासाठी, हातात खुरपं घ्यायचं आणि उकिडवं बसून नाहीतर कमरेत वाकून तण काढत पात धरून पुढे सरकायचं, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मला आठवते तेव्हा आजी उभी राहिली तरी जमिनीकडेच बघायची. पाठ सरळ व्हायचीच नाही. आम्हा पोरांना वाटायचं म्हातारी माणसं अशीच असतात.

तर आमच्या इथून १०१ हायवेने दक्षिणेला दीड तास गेलं की सलिनास व्हॅली लागते, मैलोन् मैल लेट्युस. तिथे मेक्सिकन मजुरांना विरळणीला आणि तण काढायला आखूड दांड्याचं अवजार देत, दांडा हातभर, पातं समोर वळलेलं. मजूर त्याला एल कोर्तितो म्हणत, म्हणजे आखुडकं. लांब दांड्याचं दिलं असतं तर उभ्याने काम झालं असतं, पण मालकांचं म्हणणं की त्याने पीक बिघडतं. आणि दुसरी एक सोय होती, मुकादमाला लांबून एका नजरेत कळायचं कोण काम करतंय आणि कोण नाही: जो ताठ उभा दिसला तो कामचोर. गरिबांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांनी केस केली, डॉक्टरांनी साक्षी दिल्या की यानं पाठी कायमच्या जातात, जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने सरकारी खात्याला परत विचार करायला लावला, आणि त्याच वर्षी ब्राउनच्या सरकारने त्या अवजारावर बंदी आणली. सेक्रेटरी तेव्हा रोझ बर्ड. त्याच वर्षी शेतमजुरांना गुप्त मतदानाने युनियन निवडायचा हक्क देणारा कायदा झाला, त्याच्या मसुद्यावर आणि वाटाघाटींवर तिची मेहनत मोठी.

म्हणजे जज व्हायच्या दोन वर्षं आधीच तिने कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात पैसेवाल्या लोकांना दुखावून ठेवलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७७ ला चीफ जस्टिसची खुर्ची रिकामी झाली. सगळ्यांना वाटत होतं स्टॅन्ली मॉस्क होणार, अनुभवी, लोकप्रिय, १९६४ पासून त्याच कोर्टात. ब्राउनने नाव दिलं रोझ बर्डचं. वय चाळीस, आणि आयुष्यात एक दिवस जज म्हणून बसलेली नाही. सुप्रीम कोर्टात पहिली बाई, आणि तीही थेट चीफ.

त्या तीन जणांच्या कमिशनपुढे सुनावणी झाली तेव्हा रॉजर महोनी नावाच्या कॅथलिक बिशपने पत्र लिहिलं होतं, हे पुढे लॉस एंजेलिसचे कार्डिनल झाले. शेतमजुरांच्या त्या कायद्याखाली निघालेल्या बोर्डाच्या निमित्ताने त्यांचं तिच्याशी काम पडलेलं, आणि त्यांचं म्हणणं की ही बाई सूड धरते आणि हिची भावनिक स्थिरता शंकास्पद आहे. मला हे वाचून हसू आलं आणि रागही आला. ऑफिसात कुठल्याही बाईने आवाज चढवला की हेच शब्द येतात, फक्त बिशपच्या लेटरहेडवर येत नाहीत. पण प्रामाणिकपणे सांगते, तिच्या बाजूच्या लोकांनी लिहिलेलं वाचलं तरी ती सोपी बाई नव्हती हे कळतं. कोणावर पटकन विश्वास टाकायची नाही, मोजक्या माणसांत राहायची, आणि सहकाऱ्यांशी जमवून घेणं हा प्रकार तिच्या स्वभावात नव्हता. मॉस्क तर दुखावलेलाच होता. दोन विरुद्ध एक मतांनी शिक्का बसला आणि मार्च १९७७ मध्ये ती खुर्चीत बसली. चीफ जस्टिससाठी असलेली कॅडिलॅक काढून टाकली, साधी गाडी घेतली. तेही काहींना टोचलं.

यात एक गोष्ट बहुतेक लोकांना तेव्हा नीट माहीत नव्हती, १९७६ मध्ये तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि नंतर तो पुन्हा उलटला. सगळी दहा वर्षं ती डोक्यावर हे घेऊन काम करत होती.

आता १९७८. हे वर्ष मला तिच्या करिअरमधलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, ८६ पेक्षाही, कारण नोव्हेंबरमध्ये तिला पहिल्यांदा लोकांपुढे जायचं होतं आणि त्या वर्षात तिने जे जे केलं ते एखाद्याने पडायचं ठरवून केल्यासारखं आहे.

पहिलं, एका रेप केसमध्ये कोर्टाने ठरवलं की कायद्यात जादा शिक्षेसाठी जी गंभीर शारीरिक इजा म्हटलीय तिच्यात फक्त रेप बसत नाही, वेगळी इजा दाखवावी लागेल. ती त्या बाजूने गेली. वेगळं मतही लिहिलं, आशय असा की माझं मन काय सांगतं ते वेगळं, पण विधिमंडळाने जे शब्द लिहिलेत त्यांचा अर्थ मला बदलता येत नाही. एक बाई म्हणून मला हे वाचताना पोटात ढवळलं. दोनदा वाचलं. कायद्याचं लॉजिक कळतं, तरी गिळता येत नाही. पुढे आठ वर्षं विरोधकांनी ही केस तिच्या तोंडावर फेकली आणि खरं सांगते, मी तेव्हा मतदार असते तर माझ्यावरही परिणाम झाला असता.

दुसरं, प्रपोझिशन १३. कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या देशी लोकांना हे नाव पाठ असतं. जून १९७८ मध्ये लोकांनी दणक्यात मत देऊन ठरवलं की प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या एक टक्क्यावर थांबणार, घराची टॅक्सपुरती किंमत १९७५ च्या पातळीला मागे नेणार, आणि ती वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही, पण घर विकलं गेलं की नव्या मालकाला नवा भाव. म्हणजे काय तर आमच्या शेजारच्या आजी आणि आम्ही, तीच गल्ली, तसंच घर, उलट त्यांचं एक खोली मोठं, आणि त्या वर्षाला जेवढा टॅक्स भरतात तेवढा आम्ही महिन्याभरात भरतो. शाळा त्याच, रस्ते तेच, कचऱ्याची गाडी तीच.

सप्टेंबर १९७८ मध्ये ते सुप्रीम कोर्टापुढे आलं. सात जजेस, सहा जणांनी उचलून धरलं. एकटी रोझ बर्ड म्हणाली की बाकी ठीक आहे, पण सारख्याच घरांवर फक्त कधी घेतलं त्यावरून वेगळा टॅक्स हा समान वागणुकीच्या हक्काचा भंग आहे. सहा विरुद्ध एक. नुकतंच तीन महिन्यांपूर्वी पासष्ट टक्के लोकांनी ज्याला हो म्हटलं त्याच्या विरुद्ध, आणि त्याच लोकांकडे दीड महिन्याने स्वतःसाठी हो मागायला जायचंय! मॅनेजमेंटच्या भाषेत याला काय म्हणतात माहीत नाही, आमच्या तासगावात याला सरळ डोकं फिरलंय म्हणतात.

मी मात्र ते मत वाचून टेबलावर हात आपटला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, मी जन्मायच्या आधी, कोणीतरी माझ्या टॅक्सच्या बिलाबद्दल बरोबर लिहून ठेवलं होतं. (१९९२ मध्ये हाच प्रश्न वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात गेला, तिथेही आठ विरुद्ध एक असं हरलं. आमचं बिल आहे तिथेच आहे.)

नोव्हेंबरमध्ये ती जेमतेम वाचली, ५१.७ टक्के. आणि मतदानाच्या दिवशीच लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं की बंदुकीच्या गुन्ह्यातल्या सक्तीच्या शिक्षेबद्दलचा एक निकाल तयार असून कोर्टाने निवडणूक होईपर्यंत दाबून ठेवलाय. तिने स्वतःच चौकशी मागितली. १९७९ मध्ये ती चौकशी झाली, सुरुवातीला जाहीर, जजेस एकमेकांबद्दल साक्षी देतायत, कोण कोणाला काय बोललं, कोणाची चिठ्ठी कोणाकडे अडली. कोणावर आरोप ठेवला गेला नाही, पण कोर्टाची लाज जायची ती गेली. सोसायटीच्या जनरल बॉडीचं भांडण बाहेर रेकॉर्ड होऊन व्हॉट्सॲपवर फिरावं तसं.

मग आलं फाशीचं. इथे गॅस चेंबर होतं, आपल्या सोयीसाठी मी फाशीच म्हणते. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने १९७२ मध्ये फाशी रद्द केली होती, लोकांनी त्याच वर्षी मत देऊन ती परत आणली, १९७७ मध्ये नवा कायदा झाला, १९७८ मध्ये लोकांनी अजून कडक केला. आपल्याकडे सेशन्स कोर्टाची फाशी हायकोर्टाने कन्फर्म करावी लागते ना, तसं इथे फाशीची प्रत्येक केस आपोआप थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात येते, मधलं कोर्ट नाही. साठाहून जास्त केसेस रोझ बर्डपुढे आल्या आणि तिने एकाही केसमध्ये फाशी कायम केली नाही. एकाही नाही. आता हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की बाईने ठरवूनच ठेवलं होतं. पण बहुतेक वेळा ती एकटी नव्हती, कोर्टाचं बहुमत तिच्याबरोबर होतं. कायदे घाईत लिहिलेले, खालच्या कोर्टात ज्युरीला दिलेल्या सूचना चुकलेल्या. १९८३ मध्ये कोर्टाने ठरवलं की चोरी-दरोड्याच्या ओघात झालेल्या खुनात फाशी द्यायची तर मारण्याचा इरादा होता हे सिद्ध व्हायला हवं, आणि जुन्या ज्युरींना ते कोणी सांगितलंच नव्हतं, मग त्या केसेस एकामागून एक उलटल्या.

बाकीचे जज अधूनमधून एखादी फाशी कायम ठेवत. मॉस्क तर व्यक्तिशः फाशीच्या विरुद्ध होता, पण कायदा आहे म्हणून काही केसेसमध्ये कायम करायचा. रोझ बर्ड नाही. मला विचाराल तर साठातल्या प्रत्येक केसमध्ये उलटवण्याइतकी चूक असेल हे मला अवघड वाटतं. ज्या आईची पोरगी मारली गेली तिला तांत्रिक चूक म्हणून काय समजावणार? त्या आया पुढे टीव्हीवर आल्या.

१९८६. गव्हर्नर आता जॉर्ज ड्युकमेजियन, रिपब्लिकन, आणि १९७७ चा फाशीचा कायदा आमदार असताना आणणारा हाच. त्याने उघड सांगितलं, बर्डला काढा. मग अजून दोघांना तंबी दिली, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन, फाशीच्या केसेसमध्ये नीट वागा नाहीतर तुमच्याही विरुद्ध जाईन, आणि गेलाच. रेनोसो हा त्या कोर्टातला पहिला लॅटिनो जज, आधी शेतमजुरांचा वकील. प्रचाराला लाखो डॉलर आले, त्यात शेतीवाल्या आणि धंदेवाल्या लोकांचा पैसा भरपूर. त्यांना फाशीशी काय देणंघेणं, त्यांना कामगार आणि ग्राहकांच्या बाजूचे निकाल खुपत होते. पण कामगार कायद्यावर कोण नो टाकायला येणार? जाहिरातीत फाशी दिसली. मी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा.

आणि तिने काय केलं? प्रचार सांभाळणारे लोक घेतले, त्यांच्याशी पटलं नाही, काढून टाकले. स्वतःच्या जाहिराती स्वतः केल्या, कॅमेऱ्यात बघून शांतपणे सांगते की जजला कणा हवा. समोर मारल्या गेलेल्या मुलांच्या आया, आणि ही कण्याबद्दल बोलतेय. पडणार नाही तर काय होणार.

४ नोव्हेंबर १९८६. रोझ बर्डला ६६ टक्के नो. रेनोसोला ६० टक्के, ग्रोडिनला ५७. तिघंही घरी. मॉस्क टिकला, पुढे २००१ मध्ये मरेपर्यंत तो त्याच कोर्टात होता. १९३४ पासूनच्या त्या पद्धतीत सुप्रीम कोर्टाचा जज असा पहिल्यांदाच पडला, आणि त्यानंतर आजपर्यंत कॅलिफोर्नियात कोणी पडलेला नाही. ड्युकमेजियनने तीन नवे जज आणले, फाशी भराभर कायम व्हायला लागल्या.

आणि आता ऐका. ती कोर्टातून गेली जानेवारी १९८७ मध्ये. पहिली फाशी प्रत्यक्षात झाली एप्रिल १९९२ मध्ये. २००६ पर्यंत एकूण तेरा. त्यानंतर एकही नाही. २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसमने सगळ्या थांबवल्या तेव्हा सातशेहून जास्त माणसं फाशीच्या रांगेत होती. म्हणजे जिला काढलं म्हणून फाशी सुरळीत होणार होती, ती गेल्यावर वीस वर्षांत तेरा. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मग भांडण नक्की कशावरून होतं? मला उत्तर देता आलं नाही, मी भांडी लावायला घेतली.

पुढे तिचं काय झालं ते शोधायला मला जास्त वेळ लागला कारण त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही. थोडं टीव्हीवर बोलली, थोडं शिकवलं, ऑस्ट्रेलियात जाऊन आली. मोठ्या लॉ फर्मने दार उघडलं असं काही झालं नाही. पालो अल्टोत आईबरोबर राहायची, त्याच प्लॅस्टिकच्या कारखान्यातल्या आईबरोबर, शेवटपर्यंत तिनेच आईचं केलं. मग एक दिवस ईस्ट पालो अल्टोतल्या गरिबांसाठीच्या कायदा केंद्रात गेली आणि म्हणाली काही काम असेल तर करते. तिथल्या लोकांनी ओळखलं नाही. झेरॉक्स काढायला बसवली. कॅलिफोर्नियाची माजी चीफ जस्टिस, झेरॉक्स मशीनपाशी, आणि तिनेही सांगितलं नाही मी कोण ते.

हे केंद्र जिथे होतं तो भाग आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथून पुढे आयकिया आहे, आम्ही शंभरदा गेलोय त्या रस्त्याने.

४ डिसेंबर १९९९ ला स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलमध्ये गेली, त्याच कॅन्सरने, वय ६३. कॅलिफोर्नियाला दुसरी बाई चीफ जस्टिस मिळाली ती २०११ मध्ये, तानी कँटिल-साकाउये, आणि २०२३ पासून तिसरी आहे, पॅट्रिशिया गरेरो. ही गरेरो म्हणजे माझ्या त्या कोऱ्या सोडलेल्या चार रकान्यांतलं एक नाव, मला तेव्हा काही पत्ता नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात भारतातून सासू-सासरे आले होते तेव्हा मॉन्टेरेला जाताना सलिनासवरून गेलो. लेट्युसच्या रानात माणसं काम करत होती, काही जण लांब दांड्याची कुदळी घेऊन, उभ्याने. सासरे म्हणाले बघ, इथलं भांगलण पण ऐटीत. मी आखुडक्याची गोष्ट सांगितली. सासूबाई बराच वेळ खिडकीतून बघत होत्या, मग म्हणाल्या, तुझ्या आजीला नव्हतं ना गं कोणी.

परत आल्यावर शेजारच्या आजींना सगळं सांगायचं ठरवलं. त्यांच्या पोर्चमध्ये बसून मी एवढं पुराण लावलं, कॅन्सर, झेरॉक्स, तेरा फाशा, सगळं. त्या नीट ऐकत होत्या, झेरॉक्सच्या वेळी तर डोळे पण पाणावले. मग मी विचारलं, आता परत ते बॅलट आलं तर काय कराल?

नो, म्हणाल्या. तेव्हाही नो, आताही नो, त्या आयांचे चेहरे मी विसरलेले नाही.

मी म्हटलं बरं. आणि मग जरा खोडी काढावी म्हणून सांगितलं की तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या विरुद्ध सात जणांत एकटीनेच लिहिलं होतं तिने, माझ्यासारख्या नव्या घरवाल्यांच्या बाजूने. आजी खुर्चीत सावरून बसल्या. काय सांगतेस, हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर अठ्ठ्याहत्तरलाच नो टाकलं असतं! आणि उठून आत गेल्या, बाहेर आल्या त्या झाडाची लिंबं भरलेली पिशवी घेऊन, म्हणाल्या लोणचं घालतेस ना तू, टॅक्स तर काही माझ्याकडून मिळणार नाही, ही घेऊन जा.